.308 साठी कोणती पावडर: व्हार्गेट, 4064 की सीएफई 223?

अमेरिकेत राहून रायफलची .308 विंचेस्टर काडतुसं घरी भरायला लागलेल्या मराठी नेमबाजांसाठी हे लिहितोय. (भारतात शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे आणि काडतूस बनवायलाच परवाना लागतो.)

तिन्ही पावडरींचा, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचा, जळण्याचा वेग .308 ला मानवतो. फरक पडतो तो दाण्याचा आकार आणि हवामान यांमुळे.

आयएमआर 4064 चे दाणे लांबट, शेवयांच्या चुऱ्यासारखे. अचूकतेबद्दल तिचं नाव फार जुनं आहे आणि 168 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, बुलेटशी तिचं छान जमतं. पण मापातून ओतताना दाणे आडवे अडकतात. एका केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांडीत) कमी पडते, पुढच्यात जास्त. म्हणून प्रत्येक लोड (एका काडतुसात भरायची पावडर) काट्यावर तोलायची तयारी हवी. संध्याकाळी निवांत बसून पन्नास काडतुसं भरणाऱ्याला ते जड जात नाही.

सीएफई 223 अगदी उलट. दाणे गोल, खसखशीसारखे. मापातून पाण्यासारखी ओतली जाते. वेगही चांगला मिळतो आणि नळीत तांबं कमी साचावं म्हणून तिच्यात खास घटक घातलेला आहे. रेंजवर दर आठवड्याला शेकड्यांनी गोळ्या झाडणाऱ्याने हीच घ्यावी. तिची अडचण तापमानाची. उन्हात दाब चढतो, थंडीत वेग उतरतो.

शिकाऱ्याने इथे थांबून विचार करावा. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये 38 अंशांत लोड ठरवला आणि नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात उणे 10 अंशांत एल्कवर (मोठ्या हरणावर) गोळी झाडली, तर दूरच्या अंतरावर ती ठरवल्यापेक्षा खाली लागू शकते. कागदावर फक्त गुण जातात. जनावर मात्र जखमी होऊन जंगलात तडफडतं. ते मला सहन होत नाही, म्हणून शिकारीसाठी मी व्हार्गेटच सुचवतो. ही ऑस्ट्रेलियात बनते, हॉजडन विकते. तापमानाचा परिणाम कमी व्हावा म्हणूनच ती घडवलेली आहे. दाणे 4064 पेक्षा आखूड, त्यामुळे ओतायलाही बरी. एकच डबा घ्यायचा असेल तर हाच. मात्र ती बरेचदा दुकानात नसते. तेव्हा 4064 घ्या, आणि लोड शिकारीच्या हंगामातल्या थंडीत पुन्हा तपासा.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एक पौंडाच्या डब्यात 7000 ग्रेन पावडर, म्हणजे साधारण दीडशे काडतुसं. शिकाऱ्याला एक डबा वर्षभर पुरतो, तिथे चार डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

आकड्यांवरून मात्र फसू नका. एच 4895 आणि आयएमआर 4895 यांचा आकडा एकच, पण पावडरी वेगळ्या; एकीचा लोड दुसरीला चालत नाही. 4350 चंही तसंच. लोड नेहमी पावडर बनवणाऱ्याच्या किंवा बुलेटवाल्याच्या ताज्या पुस्तकातून घ्यायचा, खालच्या आकड्यापासून सुरू करून हळूहळू चढायचं. झाडलेल्या काडतुसाचा प्राइमर (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) चपटा दिसला किंवा रायफलचा बोल्ट (मागची खिट्टी) उघडायला जोर लागला, की दाब फार चढला असं समजून तिथेच थांबायचं. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवायचा, आणि उरलेली पावडर त्याच डब्यात परत.

डबा संपून दुसऱ्या लॉटचा (वेगळ्या खेपेत बनलेला) आणलात, तर नाव तेच असलं तरी लोड थोडा खाली आणून पुन्हा चढत जा.