सारणी, स्तंभालेख, वृत्तालेख की आयतालेख?

माहिती गोळा झाली, आता मांडायची कशी? सांख्यिकी नव्याने शिकणारे बहुतेक जण इथेच अडतात. महाराष्ट्राचे जिल्हे घेऊन पाहू. प्रत्येक जिल्ह्यासमोर त्याचा महसुली विभाग लिहा आणि ताळ्याच्या खुणा करत जा. ही वारंवारता सारणी, म्हणजे कोणत्या विभागात किती जिल्हे याचा तक्ता, मिळेल:

कोकण – 7
नाशिक – 5
पुणे – 5
छत्रपती संभाजीनगर – 8
अमरावती – 5
नागपूर – 6

बेरीज 36 यायलाच हवी. नाही आली, तर एखादा जिल्हा सुटला किंवा दोनदा मोजला गेला. चूक सापडण्याची सोय सारणीत आहे, आलेखात नाही. म्हणून काढायचा असेल तो आलेख काढा, पण आधी सारणी करा.

आता स्तंभालेख की वृत्तालेख? दोन्हींचा जनक स्कॉटलंडचा अभियंता विल्यम प्लेफेअर. 1786 मध्ये त्याच्याकडे स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे होते. काळानुसार रेषा काढता येईना, म्हणून त्याने स्तंभ काढले. वृत्तालेख त्याने 1801 मध्ये आणला.

आपल्या उदाहरणात वृत्तालेखाचा हिशेब फारच सोपा आहे: 36 जिल्ह्यांना 360 अंश, म्हणजे जिल्ह्यामागे 10. कोकणाला 70 अंश, संभाजीनगरला 80. पण आकडे झाकून पाहा, मोठा तुकडा कोणता ते चटकन सांगता येत नाही. तेच 7 आणि 8 सेंटिमीटरचे स्तंभ शेजारी उभे केले, तर फरक लगेच दिसतो. विभागांची आपसांत तुलना करायची असेल तर मी निःशंकपणे स्तंभालेख सुचवेन. वृत्तालेख शोभतो तो एकूणातला वाटा दाखवायला. संभाजीनगर, अमरावती, नागपूर हे तीन तुकडे सलग ठेवा: 190 अंश. मराठवाडा आणि विदर्भ मिळून राज्याचे निम्म्याहून जास्त जिल्हे आहेत, हे स्तंभांतून असं उठून दिसत नाही.

स्तंभालेखात एक पथ्य मात्र कडक पाळायचं: उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. तो 4 पासून सुरू केला, तर पुण्याचा स्तंभ 1 एककाचा आणि संभाजीनगरचा 4 एककांचा होतो. म्हणजे 8 हे 5 च्या चौपट भासतात.

विभाग ही नावं आहेत, म्हणून स्तंभांमध्ये मोकळी जागा सोडतो. उंची, वजन, पाऊस अशा मोजमापांना आयतालेख हवा. त्यात आयत एकमेकांना चिकटून येतात. समजा, 20 मुलांच्या उंचीचे वर्ग असे आहेत: 130–140 मध्ये 3, 140–150 मध्ये 8, 150–160 मध्ये 7, 160–170 मध्ये 2. असमावेशक पद्धतीत (वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत) बरोबर 150 सेंमी उंचीचा मुलगा 150–160 मध्ये जातो. मधे उंचवटा, दोन्ही टोकांना उतार, असा आकार दिसतो. आता वर्ग 20 सेंमीचे करा: 11 आणि 9. उंचवटा गायब! मुलं तीच, उंचीही तीच. त्यामुळे नवशिक्याने एकाच वर्गांतरावर (वर्गाच्या रुंदीवर) थांबू नये. दोन-तीन करून पाहावीत.

इथे आडवा अक्ष 130 पासून सुरू केला तरी चालतं, कारण आयतांची उंची त्याने बदलत नाही. फक्त शून्य आणि 130 यांच्यामध्ये नागमोडी खूण करा.