पाठमोरा मोर : एका कोरीव, रंगीत कपाटाचे सोलापुरातील पहिले वर्ष

सोलापूरच्या माणसाला कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी उलटी करून पाहण्याची सवय असते, आणि ती सवय त्याला चादरीने लावलेली आहे. आपली जॅकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला जो मोर तांबड्या जमिनीवर पांढरा उठतो, तोच दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तांबडा दिसला पाहिजे, आणि तसा दिसला नाही तर विणकामात कुठे तरी हात आखडता घेतला आहे असे समजावे. पूर्व भागातील एका कारखान्यासाठी मी अठ्ठावीस वर्षे चादरींच्या नक्षीचे आलेख काढले. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून मोर उभा करायचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडून घ्यायची आणि मग तोच मोर एका पिसाचाही फरक न होता मागावर पुनःपुन्हा उतरताना पाहायचा, यात उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे पक्ष्यांची नक्षी असलेले लाकडी कपाट घ्यायचे घरात ठरले, तेव्हा मी ते नक्षी काढणाऱ्याच्या नजरेने पाहिले. लाकडाविषयी जे काही येथे लिहितो आहे, त्यातले बरेचसे नंतर आमच्या मिस्त्रींकडून शिकलो, हे आधीच सांगितलेले बरे.

कपाट विजापूर रस्त्यावरील एका दुकानातून मागील वर्षी दसऱ्याच्या आधी घेतले. दुकानाचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि दुकानदाराशी माझे संबंध अजून चांगले आहेत. माल जोधपूरहून येतो. कपाट बुटके आहे : साडेतीन फूट लांब, पावणेतीन फूट उंच, सव्वा फूट खोल; वर शेजारी शेजारी दोन ड्रॉवर, खाली दोन दारे. लाकूड आंब्याचे. प्रत्येक दारावर एक मोर, प्रत्येक ड्रॉवरवर एक पोपट, आणि भोवतीच्या पट्टीवर वेल, कळ्या व मधूनच डोकावणाऱ्या चिमण्या. सांगितलेली किंमत ३४,००० रुपये होती, दिलेली २८,५००. टेंपोचे भाडे आणि दोन हमालांची मजुरी वेगळी.

अशा वस्तूच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो कोरीव काम हाताचे आहे की यंत्राचे. दुकानदार प्रत्येक वस्तूला हातकाम म्हणतो, आणि रंग चढल्यावर दोन्ही सारखेच वाटतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या फिरत्या पात्याचे टोक बहुधा गोल असते. त्यामुळे दोन पाने जिथे एकमेकांना भेटतात तो कोपरा आतून गोलसर राहतो, आणि भिंगातून पाहिले तर समांतर, एकसारख्या अंतरावरच्या बारीक रेघा दिसतात. पटाशीने कापलेला कोपरा टोकदार येतो, आणि जिथे पॉलिश पेपर पोहोचत नाही अशा खोलगट जागी पटाशीचे लहान चपटे ठसे तसेच राहून जातात. सूत मोजायचे नेहमीचे भिंग खिशात होते, तेवढे पुरले. वेलाची पट्टी यंत्राची निघाली : दर सात इंचांवर तीच चिमणी, त्याच कोनात. दारांवरचे मोर मात्र निःसंशय हाताचे आहेत. डाव्या मोराच्या पिसाऱ्यात एकवीस डोळे आहेत, उजव्याच्या पिसाऱ्यात एकोणीस. चादरीत असा फरक निघाला असता तर मालकांनी माझा आलेख माझ्या टेबलावर आपटला असता. येथे त्या फरकानेच माझी खात्री पटवली.

उजव्या मोराची गोष्ट तर त्याहून मजेची आहे. दोन्ही मोरांनी समोरासमोर पाहावे अशी मूळ योजना असणार, पण उजवा मोर कोरताना मानेपाशी जागा कमी पडली असावी, चोच चौकटीला टेकणार हे कारागिराच्या ध्यानात आले असावे, आणि त्याने मान मागे फिरवून दिली. त्यामुळे जोडीतला हा मोर पाठमोरा होऊन स्वतःच्याच पिसाऱ्याकडे पाहतो. हा माझा तर्क आहे. परंतु खरा मोर पिसे साफ करताना नेमकी अशीच मान वळवतो, आणि संपूर्ण कपाटावर जिवंत वाटणारा पक्षी तेवढा तोच एक आहे. दुकानात अगदी आरशातल्यासारखी जोडी असलेले दुसरे कपाट दीड हजार रुपयांनी स्वस्त होते. आमच्या सौभाग्यवतींचा कल तिकडे होता. मी हट्टाने हे घेतले.

पोपटांबद्दल एक बारीक तक्रार आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या पोपटांत गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त पूर्ण वाढलेल्या नराला असतो. येथे दोन्ही पोपटांना ठसठशीत कंठ काढलेला आहे, म्हणजे राघू-मैना म्हणून जी जोडी दाखवली जाते तीत दोघेही राघूच आहेत. अर्थात पैठणीच्या पदरावरही कुणी हा हिशेब ठेवत नाही, आणि मीही चादरीवर कधी ठेवला नव्हता. पक्ष्यांचा विषय निघालाच होता म्हणून मी दुकानदाराला माळढोक कोरून मिळेल का असे विचारले. नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या दाराशी आहे, १९७९ पासून आहे, आणि आता तो पक्षी तेथे दिसणे दुर्मीळ झाले आहे. निदान दारावर तरी असावा असे वाटले. राजस्थानात त्यालाच गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे, तेव्हा जोधपूरच्या कारागिराला तो अनोळखी नसणार. दुकानदाराने फोन करून विचारले आणि सांगितले, “काका, करून देतील, पण दहा नग घ्यावे लागतील. मोर-पोपट सोडून लोक काही घेत नाहीत.”

रंगकामाला मी कोरीव कामापेक्षा कमी गुण देतो. लाकडावर आधी खडूसारखा पांढरा थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर लाखेचा चकचकीत हात, अशी बांधणी दिसते. हिरवा आणि हिंगुळी लाल हे रंग उत्तम बसले आहेत, मोराच्या मानेचा निळा तर दुपारच्या उन्हातही उथळ वाटत नाही. पण उठावाच्या कडांवर रंग मुद्दाम घासून काढलेला आहे, जेणेकरून कपाट एखाद्या हवेलीतून उतरवल्यासारखे वाटावे. नव्या वस्तूला असे जुनेपण चोळणे मला पटत नाही. शिवाय घासलेल्या जागी लाखेचा थर पातळ होतो आणि ओला हात लागला की तिथूनच रंग सुटू लागतो. घेण्यापूर्वी पांढरे फडके ओले करून कपाटाच्या खालच्या कडेवर चोळून पाहावे. आमच्या कपाटाचा सोनेरी रंग फडक्याला किंचित लागला होता, बाकीचे लागले नाहीत. घरात तोंडाला लागेल ते चघळणारे मूल असेल तर रंगातल्या शिशाविषयीही विचारावे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घातलेली आहे, परंतु ती कंपनीच्या डब्याला लागू होते. कारागिराने सुटी भुकटी कालवून रंग केला असेल तर डबाच नसतो. दुकानदाराकडे याचे उत्तर नव्हते, म्हणून नातू आला की कपाटासमोर खुर्ची आडवी लावतो.

आता मागची बाजू. दुकानात कपाट भिंतीपासून ओढून फिरवायला लावले तेव्हा नोकराने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. पाठीला पातळ प्लायवूड आहे, तेही रंग न लावलेले आणि खिळ्यांनी ठोकलेले. ड्रॉवरचा पुढचा भाग पाऊण इंच जाडीचा, पोपटासह देखणा, पण मागच्या कोपऱ्यांना सांधा असा नाहीच, सरस आणि दोन खिळे. दारांच्या चौकटी मात्र खाच करून त्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे कोरून काढलेले टोक, बसवून जोडलेल्या आहेत आणि मोर कोरलेली फळी त्या चौकटीत मोकळी बसवलेली आहे, चिकटवलेली नाही. आमच्या मिस्त्रींनी नंतर पाहिले आणि एवढ्या एका गोष्टीसाठी त्या सुताराला शाबासकी दिली. चादरीच्या हिशेबाने पाहिले तर ही वस्तू एकाच बाजूची आहे. भिंतीला लावूनच ठेवायची असल्याने मी ते चालवून घेतले, पण खोलीच्या मध्ये आडोसा म्हणून उभे करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

फळी मोकळी का ठेवायची, हे मला एप्रिल-मे महिन्यांत कळले. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण आडव्या रुंदीत कोरड्या हवेत आकसते आणि दमट हवेत फुगते, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे चाळिशीच्या वर गेलेला पारा आणि ओठ फुटतील अशी कोरडी हवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही मोरांच्या कडेला, चौकटीलगत, सुतासारखी बिनरंगी पांढरी रेघ दिसू लागली. फळी आत सरकल्याने पूर्वी खाचेत दडलेला कोरा भाग उघडा पडला होता. मी घाबरलो, पण सप्टेंबरच्या पावसात ती रेघ आपोआप झाकली गेली. याउलट वरचा तक्ता, जो तीन फळ्या चिकटवून केलेला आणि खालून स्क्रूने सर्व बाजूंनी आवळलेला होता, त्याला हलायला वाव नव्हता. एका सांध्यावर तो नऊ इंच तडकला. मिस्त्रींनी आंब्याचाच भुसा सरसात कालवून भेग भरली आणि स्क्रूंची भोके आडवी लांबवून दिली, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तक्त्याला सरकता येईल. चारशे रुपये घेतले. हे काम जोधपुरातच झाले असते तर कुणाचे काही बिघडले नसते. कपाटावर पंख्याचा झोत सरळ येऊ देऊ नये आणि कूलरच्या तोंडासमोर तर ते मुळीच ठेवू नये, असेही मिस्त्रींनी बजावले.

खरी अडचण जुलैत आली. उजव्या ड्रॉवरखाली दर दोन दिवसांनी मैद्यासारखी मऊ भुकटी साचू लागली आणि पोपटाच्या पंखावर टाचणीच्या डोक्याएवढी चार भोके दिसली. आंब्याच्या बाहेरच्या कच्च्या लाकडात पिठूळ अंश असतो आणि लाकूड पोखरणाऱ्या बारीक भुंग्याच्या अळ्या त्यावरच जगतात. लाकूड भट्टीत नीट वाळवून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केली असेल तर हा त्रास सहसा होत नाही. घेताना मी विचारले होते, आणि प्रक्रिया केलेली आहे असे तोंडी उत्तर मिळाले होते. बिलावर तसे लिहून घेतले नाही, ही माझी चूक. दुकानदाराने पहिल्या फोनला “घासलेट लावा” असे सांगितले, दुसऱ्या फोनला माणूस पाठवतो म्हणाला आणि पाठवला नाही. तिसऱ्या वेळी मी भुकटी कागदाच्या पुडीत बांधून दुकानात नेली आणि त्याच्या गल्ल्यावर, गिऱ्हाइकांसमोर, उघडून ठेवली. त्यानंतर मात्र तो सरळ वागला : बाकी कपाटाला स्वखर्चाने औषध मारून दिले आणि ड्रॉवर बदलून देण्याचे कबूल केले.

या किमतीत दुसरे काय मिळते, हेही पाहिले होते. गुजरातच्या संखेड्याचे फर्निचर सागवानी, रंगीत आणि लाखेचे असते, पण ते चरकावर, म्हणजे लेथवर, फिरवून कातलेले असते. त्यात पक्षी रंगवलेला मिळेल, कोरलेला नाही. सहारनपूरचे शिसवी कोरीव काम लाकूड म्हणून कितीतरी मजबूत आहे, मात्र ते बहुधा बिनरंगी, आणि द्राक्षवेल व जाळीच्या नक्षीचे. सावंतवाडीचे रंगकाम मला जोधपूरच्या रंगकामापेक्षा अधिक नाजूक वाटते, तरी तेथे भर पाट, चौरंग, डबे अशा लहान वस्तूंवर असतो. कोरीव आणि रंगीत अशा दोन्ही गोष्टी तीस हजारांच्या आत हव्या असतील तर जोधपूरच्या आंब्याच्या लाकडाकडेच यावे लागते. अवजड सामान भरायला कपाट हवे असेल तर हे घेऊ नये. ड्रॉवरचे मागचे सांधे ते सोसणार नाहीत. आमच्याकडे त्यात सणाच्या चादरी आणि जुने आलेख आहेत.

बदली ड्रॉवर कबूल केल्यापासून अडीच महिन्यांनी, गेल्या आठवड्यात आला. लाकूड कोरडे आहे, रंग आधीच्याला जुळतो, मागच्या कोपऱ्यांना या वेळी चक्क सांधा आहे, आणि पोपटही हाताने कोरलेला आहे. फक्त तो उलट दिशेला पाहतो. जोडीने एकमेकांकडे पाहायचे, त्याऐवजी आता डावा पोपट उजव्याकडे टक लावून आहे आणि उजव्याने त्याच्याकडे पाठ केली आहे. दुकानदाराने पुन्हा बदलून देतो म्हटले. मी नको म्हणून सांगितले, कारण त्याच्या बरोबर खाली तो मान वळवलेला मोर आहे, आणि सौभाग्यवतींच्या मते आता कुठे ती बाजू जुळली आहे.