ईएसपी३२-एस३: मोटारीची कंपनं तपासायला कसा आहे?

१४४० आरपीएमच्या थ्री-फेज मोटारीचा बिघाड इंटरनेटविना, जागेवरच ओळखायचा असेल आणि वीज हाताशी असेल, तर ईएसपी३२-एस३ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड बिनधास्त घ्या. २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर, ५१२ केबी रॅम, फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकड्यांचं गणित) हार्डवेअरमध्येच. मॉड्यूल मात्र साधा एन८ घ्या. एन८आर८ मधली जादा ८ एमबी पीएसरॅम (पूरक मेमरी) इथे लागत नाही, वर ती ३५, ३६, ३७ या पिना अडवून बसते.

बिघाड ओळखणारं मॉडेल मेमरीत मावेल का, ही काळजी नको. १२८-३२-८-३२-१२८ असा ऑटोएन्कोडर (निरोगी कंपनं शिकून तीच पुन्हा उभी करणारं न्यूरल नेटवर्क; त्यात चूक वाढली की बिघाडाचा संशय) आठ-बिटी केला की जेमतेम १० केबी भरतो. खरी कसोटी लागते ती सेन्सरचे नमुने वेळेवर उचलण्यात.

एडीएक्सएल३४५ हा कंपनं मोजणारा सेन्सर सेकंदाला ३२०० नमुने देतो, पण एसपीआय या वेगवान जोडणीवर. आयटूसी या दुसऱ्या, हळू जोडणीत ४०० किलोहर्ट्झला ८०० च्या वर भरवसा नाही. सेन्सरच्या फिफोत (नमुने थांबवून ठेवणाऱ्या रांगेत) ३२च नमुने राहतात, म्हणजे १० मिलिसेकंदांत ती भरते. तेवढ्यात वाय-फायच्या कामाने कोअर अडवला की मधले नमुने गळतात, एफएफटीत (कंपनांतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणितात) खोटी शिखरं उठतात आणि धडधाकट मोटारीवर अलार्म वाजतो. उपाय सोपा आहे: वाय-फाय कोअर ० वर, वाचन कोअर १ वर, आणि १६ नमुने साठले की इंटरप्ट (आता वाच, असा सेन्सरचा इशारा). १०२४ नमुन्यांची खिडकी (एकावेळी तपासायचा तुकडा) धरली तर ०.३२ सेकंद आणि ३.१२५ हर्ट्झची बारकाई मिळते. ६२०५ बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरचा ओरखडा या वेगाला ८६ हर्ट्झच्या आसपास दिसतो, त्याला ती पुरते.

सेन्सर दुहेरी टेपने चिकटवू नका. टेप वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो, आणि बेअरिंगची पहिली कुरकुर तिथेच उमटते. बेअरिंग हाउसिंगवर स्क्रूने घट्ट आवळा, केबल आखूड ठेवा.

शिकवणी फक्त निरोगी मोटारीवर, पण रिकामी, अर्ध्या आणि पूर्ण लोडवर, थंड आणि तापलेली, कमी व्होल्टेजलाही. एकाच लोडवर शिकवलेलं मॉडेल लोड बदलला की ओरडतं, आणि दोन दिवसांत ऑपरेटर बझरची वायर काढून ठेवतो. एका खिडकीवर अलार्म देऊ नका. सलग पाच खिडक्यांत मॉडेलची चूक ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तरच द्या.

बॅटरीवर चालवायचं असेल तर हा बोर्ड नको. वाय-फायवर पाठवताना करंट ३०० मिलिअँपिअरच्या वर उसळतो आणि रेग्युलेटर कमजोर असला तर बोर्ड रिसेट होतो. तिथे एनआरएफ५२८४० घ्या: ६४ मेगाहर्ट्झ, २५६ केबी रॅम, ब्लूटूथ, आणि झोपेत करंट मायक्रोअँपिअरमध्ये. आरपी२०४० स्वस्त आहे, पण फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअर नाही. एफएफटी क्यू१५ मध्ये (अपूर्णांक १६-बिटी पूर्णांकांत बसवून) लिहायची तयारी असेल तरच त्याच्याकडे वळा.