गर्भाशयमुखाचा कर्करोग: नुसतं रेडिएशन की सोबत केमोही?

तिसऱ्या टप्प्यातही नुसत्या रेडिएशनने बऱ्या झालेल्या बायका कमी नाहीत. तरी मुंबईच्या टाटा मेमोरियलची ‘थ्री-बी’ टप्प्यातल्या (म्हणजे गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या किंवा किडनीची वाट अडलेल्या) ८५० रुग्णांवरची चाचणी बघा. निष्कर्ष २०१८चे: पाच वर्षांनी नुसत्या रेडिएशनच्या गटात ४६ टक्के हयात, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किडन्यांना जड जाणारं केमोचं औषध दिलेल्या गटात ५४. शंभरामागे आठ जणी जास्त! म्हणून किडन्या धड असतील तर केमो टाळू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्रास वाढतो, हे खरंच. उलट्या होतात, रक्तातल्या पेशी घटतात, सलाइन लावून दिवस जातो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्या बिघडल्या की वाढतं ते) फार वाढलं असेल तर नुसतं रेडिएशनच बरं. ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून द्यायचं रेडिएशन, मात्र दोन्हींत हवीच. बाहेरचे शेक (बाहेरून दिलेलं रेडिएशन) घेताना रक्तस्राव थांबला, म्हणून उपचार अर्धवट सोडून गावी जाऊ नका.