उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नऊ महिने स्लॅक

आमची फाउंड्री बेळगावच्या उद्यमबागेत. ग्रे आयर्नचं ओतकाम, तीन शिफ्टा, सगळी मिळून साठेक माणसं. मी क्वालिटीला आहे. मालकांच्या मुलाने स्लॅक, म्हणजे कामाच्या निरोपांचं अ‍ॅप, आणलं तेव्हा पहिला कुरकुरलो तो मीच. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता की! त्यात सकाळी विठ्ठलाचे फोटो, मध्येच कुणाची तरी म्हैस विकायची, आणि त्या गर्दीत 'पॅटर्न बदललाय' हा मेसेज बुडालेला. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना. त्यापायी एकदा अख्खी शिफ्ट जुन्याच पॅटर्नवर साचे भरत बसली. मग मी कुरकुर आवरली.

स्लॅकमध्ये विषयवार चॅनेल पाडता येतात. आम्ही मोल्डिंग, भट्टी, फेटलिंग (ओतलेला माल साफ करणं), डिस्पॅच असे चार पाडले आणि गप्पांसाठी पाचवा, 'कुंदा'. म्हशी आता तिकडे विकल्या जातात. मला सगळ्यात उपयोगी पडली ती थ्रेडची सोय. एका हीटबद्दलची (भट्टीतून एका वेळी निघणारा रस म्हणजे एक हीट) बोलाचाली त्या हीटच्या मेसेजखालीच राहते. हीट नंबर टाकून शोधलं की फोटोसकट सगळं पुढ्यात.

तरी पहिले दोन महिने तिथे शुकशुकाट होता, आणि त्यात अ‍ॅपचा काही दोष नव्हता. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीच्या एका पोराने लिहिलं, "वाळू लई ओली येऊलालीय." बरोबर होतं त्याचं. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओल साधारण 3-4 टक्के ठेवतात. ती वाढली की ओतताना वाफ जास्त होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे वाफेने पडलेलं भोक. त्याला शाबासकी द्यायची सोडून मॅनेजर साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग तू काय करत होतास?" झालं! त्यानंतर चॅनेलवर नुसते अंगठे.

कोंडी फोडली तीही साहेबांनीच. एका सकाळी त्यांनी लिहिलं, कालचा पॅटर्न नंबर मीच चुकीचा दिला, सात साचे मोडावे लागतील. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पण संध्याकाळपर्यंत कोअर शॉपमधून (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करतात तिथून) दोन तक्रारी आल्या, फोटोसकट. तेव्हापासून चूक चॅनेलवर आणि झाडाझडती केबिनमध्ये, असं आपोआप ठरून गेलं. वाळूवाला पोरगा मात्र अजून जपूनच लिहितो.

भाषेचं काय, असं मला हमखास विचारतात. मोल्डिंगला निम्मी पोरं कन्नड, फेटलिंगला खानापूरकडची मराठी, भट्टीवर हिंदी. पाटीवर कुठली भाषा यावरून बाहेर काय काय होतं ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. आत ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचं, फोटो आणि हीट नंबर तेवढा हवाच. ब्लो-होल कन्नडमध्येही ब्लो-होलच. टायपिंगचा कंटाळा असलेले जीबोर्डवर बोलून लिहितात. भट्टीच्या आवाजात त्याचे जे शब्द उमटतात ते नंतर 'कुंदा'वर फिरतात.

आता अडचणी. आम्ही मोफत योजनेवर आहोत, तीत 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. हे घेतानाच माहीत होतं, पण गिऱ्हाइकाची तक्रार कधी चार महिन्यांनीही येते, म्हणून हीटचं रजिस्टर हातानेच चालू आहे. पैसे भरायचे तर हिशेब माणशी. साठ जणांचा आकडा काढला की मालक चहा मागवतात. कंत्राटी हेल्परांपैकी बऱ्याच जणांकडे साधा फोन आहे. ते शेडमधल्या फळ्यावर खडूने लिहितात आणि शिफ्ट सुटताना सुपरवायझर त्याचा फोटो टाकतो. रात्री वाजत राहणाऱ्या फोनचा वैताग आधी घरच्यांना झाला, मग प्रत्येकाने आपापल्या नोटिफिकेशनच्या वेळा लावून घेतल्या.

दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला हे सगळं लागणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप पुरे. शिफ्टा तीन असतील आणि निरोप तोंडी जात असतील तर घ्या. फक्त आधी तुमच्या साहेबांना विचारा, स्वतःची चूक चॅनेलवर टाकायची तयारी आहे का.