छपाईचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

अल्बम लॅबकडून करून घेणाऱ्या पुण्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांना क्यूइमेज, मिराज, इमेजप्रिंट या छपाईच्या सॉफ्टवेअरांतलं काहीच लागत नाही. लॅबकडून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे प्रिंटर आणि कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल, मागून घ्यावं, फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज, पाहावं, झालं. खर्चाचा विचार करायचा तो स्टुडिओत २४ इंची रोलचा प्रिंटर असणाऱ्यांनी.

त्यांनीही आधी फुकटातलं वापरून बघावं. एप्सनचं प्रिंट लेआउट किंवा कॅननचं प्रोफेशनल प्रिंट अँड लेआउट सुट्या प्रिंटना पुरतं. फोटोशॉपमधून थेट छापताना कागद वाया जातो तो बहुधा एकाच चुकीने: प्रोफाइल फोटोशॉपमध्ये लावलं, पण ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममधलं) रंगनियंत्रण बंद करायचं राहिलं. मग रंग दोनदा बदलतो. हळदीच्या फोटोतले चेहरे लालसर येतात आणि पैठणीचा राणी रंग भलताच दिसतो.

पैसे वसूल होतात ते मांडणीत. १० बाय १५ आणि ८ बाय १० इंचांच्या दोन प्रिंट आडव्या, एकाखाली एक टाकल्या तर १८ इंच रोल जातो. पहिली आडवीच ठेवून शेजारी दुसरी उभी बसवली, की रुंदी १५ अधिक ८, म्हणजे २३ इंच, आणि लांबी फक्त १०. क्यूइमेज हे आपोआप करतं. पण १२ बाय १८ च्या दोन उभ्या प्रिंट शेजारी बसत नाहीत, कारण दोन्ही कडांना ३-३ मिलिमीटर समास सुटतो. आकार ठरवतानाच ११.५ इंच धरा. क्यूइमेज अल्ट्रा फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांनी क्यूइमेज वन बघावं.

इमेजप्रिंट महाग आहे. त्याचं बळ म्हणजे कागदागणिक तयार प्रोफाइल आणि कृष्णधवल छपाई. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन लावायचं असेल, वेगवेगळे कॉटन कागद वापरायचे असतील, तरच ते परवडतं. नुसत्या कृष्णधवलसाठी एप्सनच्या ड्रायव्हरमधला खास मोड पुष्कळ झाला.

प्रिंट काळपट येत असेल, तर सॉफ्टवेअरआधी कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं यंत्र, घ्या. मॉनिटर बहुधा जास्त उजळ असतो. तो उजेड चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या आसपास आणा. आणि पावसाळ्यात कागदाच्या कडा वळून त्यावर प्रिंटरचं शाई सोडणारं हेड घासलं, काळे ओरखडे उठले, तर तिथे कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. उरलेला रोल पिशवीत बंद करून ठेवायचा आणि हेडची उंची एक पायरी वाढवायची.