हेझी की ब्लरी?
मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याचे दोन फोटो काढले, दोन्ही अस्पष्टच, पण एकाला हेझी म्हणायचं आणि दुसऱ्याला ब्लरी, लोक सरसकट ब्लरीच म्हणतात ते मला खरंच खटकतं. पहिल्या फोटोत हवेत खार, धूळ, धूर, त्यामुळे किल्ला फिकट राखाडी दिसतो पण बुरुजाची कड नीट कळते, म्हणजे दोष मधल्या हवेचा. दुसऱ्यात ऊन लख्ख होतं, माझा हात हलला आणि कडाच गेल्या. ब्लर म्हणजे मुळात कागदावर फिसकटलेली शाई हो! हेझी मात्र 17व्या शतकात इंग्रज खलाशांच्या तोंडी असलेला शब्द, समुद्रासाठी मला तोच आवडतो. आठवण धूसर झाली तरी हेझीच, चष्मा काढल्यावर दिसतं ते ब्लरी.